स्वस्त लेझर प्रिंटरला चित्र कळत नाही, मग तो छापतो कसं?

प्रिंटर धडधाकट आहे. टोनर भरलेला आहे, कागद नीट ओढला जातो, काल-परवापर्यंत छपाईही स्वच्छ येत होती. फक्त संगणक बदलला आणि नव्या संगणकाने सांगितलं, ‘ड्रायव्हर उपलब्ध नाही.’ दुकानदाराचा सल्ला ठरलेला असतो, ‘आता नवा घ्या.’

दुसरा अनुभवही बहुतेकांच्या ओळखीचा आहे. व्हॉट्सॲपवर आलेला दाखला मोबाइलच्या पडद्यावर स्पष्ट वाचता येतो, पण छापल्यावर अक्षरांभोवती काळे कण येतात, फोटोतला चेहरा काळवंडतो आणि अनुस्वार गायब होतात.

या दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच गोष्टीत आहे. घरात, क्लासमध्ये किंवा झेरॉक्सच्या दुकानात दिसणारे बरेचसे स्वस्त लेझर प्रिंटर ‘होस्ट-बेस्ड’ असतात, म्हणजे त्यांचा मेंदू तुमच्या संगणकात असतो. चित्रापासून छापील पानापर्यंतचं जवळजवळ सगळं काम संगणक करतो. प्रिंटर फक्त सांगितलेल्या जागी ठिपके उमटवतो. हे काम नेमकं कसं होतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

होस्ट-बेस्ड प्रिंटर म्हणजे काय?

सुरुवातीचे लेझर प्रिंटर स्वतःच एक संगणक असत. ॲडोबीने १९८४ साली पोस्टस्क्रिप्ट ही भाषा आणली. या भाषेत ‘इथे अमुक आकाराचं अक्षर काढ, तिथे रेघ मार’ असं पानाचं वर्णन लिहिलं जातं आणि त्यावरून ठिपके तयार करण्याचं काम प्रिंटर करतो. १९८५ साली आलेल्या ॲपलच्या लेझररायटरमध्ये १२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १.५ मेगाबाइट मेमरी होती. ज्या मॅकिन्टॉश संगणकाला तो जोडायचा, त्याचा प्रोसेसर जेमतेम ८ मेगाहर्ट्झचा होता. म्हणजे प्रिंटर संगणकापेक्षा ताकदवान होता आणि त्याची किंमतही तशीच होती, जवळपास ७ हजार डॉलर.

नव्वदच्या दशकात घरोघरचे संगणक वेगवान झाले. तेव्हा उत्पादकांनी साधा हिशोब केला: गणित करायला संगणक आहेच, तर प्रिंटरमध्ये महागडा प्रोसेसर आणि जास्त मेमरी कशाला घालायची? विंडोजमध्ये पडद्यावर चित्र काढण्याची जी यंत्रणा होती, तिचं नाव जीडीआय. तीच वापरून संगणकावर अख्खं पान ठिपक्यांच्या रूपात तयार करायचं आणि प्रिंटरकडे पाठवायचं, ही पद्धत रूढ झाली. म्हणून अशा प्रिंटरना ‘जीडीआय प्रिंटर’ किंवा थट्टेने ‘विनप्रिंटर’ म्हटलं जाऊ लागलं.

एचपीच्या डेस्कजेट ७१०, ७२० आणि ८२० मालिकेतल्या काही इंकजेट प्रिंटरनी हे टोकाला नेलं. त्यांच्या ‘पीपीए’ पद्धतीत छपाईचं डोकं डावीकडून उजवीकडे जाताना कोणत्या छिद्रातून कधी शाई सोडायची, हेसुद्धा संगणकालाच ठरवावं लागे.

आपण या लेखात एकच ठोस उदाहरण घेऊ. भारतात वर्षानुवर्षे दिसत आलेला एचपी लेझरजेट १०२०. तो २००५ साली बाजारात आला. मिनिटाला १४ पानं, ६०० डीपीआय आणि मेमरी फक्त २ मेगाबाइट. हा २ मेगाबाइटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टप्पा पहिला: पानाचे किती ठिपके?

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ८.२७ बाय ११.६९ इंच. ६०० डीपीआयने हिशोब केला तर एका पानावर साधारण ४९६० बाय ७०१६, म्हणजे जवळपास ३ कोटी ४८ लाख ठिपक्यांच्या जागा होतात.

तुमच्या चित्रात मात्र तेवढे पिक्सेल नसतात. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणली जाते. तो ए-फोरवर पूर्ण ताणला तर इंचाला जेमतेम १३७ पिक्सेल पडतात. उरलेल्या जागा संगणक आजूबाजूच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरतो. मूळ चित्रात नसलेला तपशील यातून निर्माण होत नाही.

मराठी मजकुरासाठी हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. नेहमीच्या आकाराच्या छापील मजकुरात अनुस्वाराचं टिंब अर्धा मिलिमीटर रुंद आहे असं धरा. ६०० डीपीआयला त्याच्या वाट्याला सुमारे १२ ठिपके येतात, ३०० डीपीआयला ६ आणि व्हॉट्सॲपच्या त्या चित्रात ३ पेक्षाही कमी. एवढं बारीक टिंब पुढच्या टप्प्यात सहज पुसलं जातं आणि ‘यांचे’चं ‘याचे’ होतं. रफार, जोडाक्षरांतल्या बारीक रेघा आणि दशांश चिन्ह यांचंही तेच होतं. दाखला, सातबारा किंवा गुणपत्रिका असेल तर हा फरक निव्वळ दिसण्यापुरता राहत नाही.

टप्पा दुसरा: रंगातून करडं

काळ्या-पांढऱ्या प्रिंटरसाठी आधी रंग काढावे लागतात. तीन रंगांची सरळ सरासरी घेऊन चालत नाही, कारण आपल्या डोळ्याला हिरवा रंग सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत गडद वाटतो. म्हणून नेहमीच्या सूत्रात लाल रंगाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ असं वजन दिलं जातं. उत्तर ० आलं तर काळं, २५५ आलं तर पांढरं.

या सूत्राने गडद लाल अक्षर ७६ वर येतं, म्हणजे बऱ्यापैकी काळं. पिवळं अक्षर मात्र २२६ वर जातं, म्हणजे जवळपास पांढरं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या अक्षरांत केलेली निमंत्रणपत्रिका छापल्यावर कोरी का दिसते, त्याचं उत्तर इथे आहे.

टप्पा तिसरा: करड्यातून फक्त काळं आणि पांढरं

हा टप्पा सर्वांत कळीचा. टोनर काळा असतो आणि कागद पांढरा. करडा रंग प्रिंटरकडे नसतोच. प्रत्येक जागी एकच निर्णय घ्यायचा असतो: ठिपका द्यायचा की नाही. हा निर्णय घेण्याच्या तीन मुख्य रीती आहेत.

१. सीमारेषा. १२८ पेक्षा कमी असेल ते काळं, बाकीचं पांढरं. मजकूर, सही आणि रेखाचित्रांसाठी ही रीत उत्तम, कारण कडा स्वच्छ राहतात. फोटोसाठी ती निरुपयोगी, कारण चेहऱ्याची अर्धी बाजू काळी आणि अर्धी पांढरी होते.

२. ठरावीक जाळी, म्हणजे हाफटोन. वर्तमानपत्रातला फोटो भिंगातून पाहिला तर लहान-मोठे गोळे दिसतात. तीच ही रीत. ८ बाय ८ ठिपक्यांचा एक चौकोन धरायचा आणि जेवढी छटा गडद, तेवढे जास्त ठिपके त्यात काळे करायचे. एका चौकोनात ० ते ६४ ठिपके काळे करता येतात, म्हणजे ६५ छटा मिळतात. त्याची किंमत अशी की ६०० डीपीआयचा प्रिंटर छटांच्या बाबतीत इंचाला ७५ चौकोनांवर येतो. म्हणूनच एकाच प्रिंटरवर अक्षर सुबक येतं आणि फोटो भरड येतो.

३. चुकीची वाटणी. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुईस स्टाइनबर्ग यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेली ही रीत आजही सर्रास वापरली जाते. समजा एका पिक्सेलची किंमत १०० आहे. ती १२८ पेक्षा कमी, म्हणून ठिपका काळा केला, म्हणजे किंमत ० धरली. आता १०० एवढी चूक झाली. ती टाकून न देता शेजाऱ्यांत वाटायची. उजवीकडच्या पिक्सेलला १६ पैकी ७ वाटे, खाली डावीकडे ३, थेट खाली ५ आणि खाली उजवीकडे १. आकड्यांत सांगायचं तर सुमारे ४४, १९, ३१ आणि ६. बेरीज पुन्हा १००. त्यामुळे शेजारचे पिक्सेल थोडे उजळ होतात आणि एकूण छटा लांबून पाहता बरोबर दिसते.

पडद्यावर तिसरी रीत सर्वांत छान दिसते. लेझर प्रिंटरवर मात्र बहुतेकदा दुसरी भरवशाची ठरते, कारण एकटा सुटा ठिपका कागदावर नीट धरत नाही. कधी तो उमटतच नाही, कधी पसरतो. ठिपके गोळ्याने असले की टोनर स्थिर बसतो.

पसरण्याचा हा दोष नेहमी लक्षात ठेवावा लागतो. छापलेला ठिपका गणितातल्या ठिपक्यापेक्षा थोडा मोठा असतो. परिणामी मधल्या छटा गडद होतात आणि चेहरा काळवंडतो. उपाय सोपा आहे: फोटो ठिपक्यांत बदलण्याआधीच तो पडद्यावर किंचित फिका वाटेल इतका उजळ करायचा.

टप्पा चौथा: ठिपके लिहून ठेवायचे कसे?

आता पान म्हणजे एक आणि शून्यांची लांबलचक यादी झाली. ती साठवण्याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे पीबीएम. फाइलच्या सुरुवातीला एक खूण, मग रुंदी, उंची आणि त्यानंतर थेट ठिपके. आठ ठिपक्यांचा एक बाइट, डावीकडचा ठिपका सर्वांत मोठ्या किमतीचा. उदाहरणार्थ, एका ओळीत

० ० १ १ १ ० ० ०

असे ठिपके असतील तर तो बाइट ३२ + १६ + ८, म्हणजे ५६.

इथे दोन सापळे आहेत. पहिला: पीबीएममध्ये १ म्हणजे काळा आणि ० म्हणजे पांढरा. फोटोच्या फाइलींत साधारण उलटं असतं. बदल करणाऱ्या प्रोग्रॅमने ही अदलाबदल विसरली तर कोरं पान पूर्ण काळं छापलं जातं आणि टोनर वाया जातो.

दुसरा: प्रत्येक ओळ पूर्ण बाइटवर संपायला हवी. ४९६० ठिपक्यांची ओळ बरोबर ६२० बाइटमध्ये बसते. ४९६१ ठिपके झाले तर ६२१ बाइट लागतात आणि शेवटच्या बाइटमधले ७ ठिपके नुसते भरतीचे असतात. दोन्ही बाजूंनी हा हिशोब सारखा धरला नाही तर प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकते आणि सगळं चित्र तिरपं होतं.

टप्पा पाचवा: दाबून लहान करणं

६२० बाइट गुणिले ७०१६ ओळी म्हणजे सुमारे ४३.५ लाख बाइट, साधारण ४.३५ मेगाबाइट. आता तो आधीचा आकडा आठवा: प्रिंटरची मेमरी २ मेगाबाइट. पान मावतच नाही.

इंकजेट असता तर ओळ छापून पुढच्या माहितीची वाट पाहत थांबला असता. लेझर प्रिंटरला ती मुभा नाही. ड्रम फिरू लागला आणि कागद आत गेला की पान संपेपर्यंत थांबता येत नाही. माहिती पोहोचायला उशीर झाला तर तेवढा भाग कोरा राहील किंवा पान वाया जाईल.

म्हणून पान दाबून पाठवलं जातं. लेझरजेट १०२० साठी ‘जेबिग’ पद्धत वापरली जाते. काळ्या-पांढऱ्या चित्रांसाठीचं हे आंतरराष्ट्रीय मानक १९९३ सालचं आहे आणि त्याच्या मुळाशी फॅक्सची गरज होती. तिची युक्ती अशी: प्रत्येक ठिपका लिहिण्याआधी त्याच्या आधीच्या आणि वरच्या १० शेजाऱ्यांकडे पाहायचं. त्या १० जणांच्या काळ्या-पांढऱ्या १०२४ मांडण्या संभवतात. कोणत्या मांडणीत पुढचा ठिपका काळा येण्याची शक्यता किती, याचा अंदाज पद्धत स्वतःच बांधत जाते. अंदाज खरा ठरला तर ठिपक्याला जवळजवळ काहीच जागा लागत नाही. कोऱ्या समासात अंदाज सतत खरा ठरतो. म्हणून मजकुराचं पान मूळ आकाराच्या अगदी लहान हिश्श्यात मावतं. विशेष म्हणजे यात एकही ठिपका हरवत नाही.

फोटोचं काय? चुकीची वाटणी करून तयार केलेले ठिपके विखुरलेले आणि अनियमित असतात. तिथे अंदाज वारंवार चुकतो आणि फाइल फारशी लहान होत नाही. जाळीच्या रीतीत नक्षी पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे ती बरीच चांगली दाबली जाते. कमी मेमरीच्या प्रिंटरवर पूर्ण पानभर फोटो छापताना जाळी निवडण्याचं हे दुसरं कारण.

टप्पा सहावा: प्रिंटरला कळेल असं पाकीट

दाबलेले ठिपके शेवटी प्रिंटरच्या भाषेत गुंडाळावे लागतात. लेझरजेट १०२० ची भाषा झेडजेस्ट्रीम, ती झेनोग्राफिक्स या कंपनीने बनवली. तिच्यात पाकिटांची रांग असते: दस्तऐवज सुरू, पान सुरू, चित्राची माहिती, चित्राचे तुकडे, चित्र संपलं, पान संपलं, दस्तऐवज संपला. ‘पान सुरू’च्या पाकिटात कागदाचा आकार, डीपीआय आणि किती प्रती हव्यात हे लिहिलेलं असतं.

प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. सॅमसंगच्या स्वस्त प्रिंटरची एसपीएल, तर कॅननच्या एलबीपी २९०० ची कॅप्ट. एकाचं पाकीट दुसऱ्याला उघडता येत नाही.

लेझरजेट १०२० ची आणखी एक गंमत आहे. त्याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, त्याच्यात कायमचा साठवलेला नसतो. प्रिंटर बंद करून सुरू केला की दर वेळी संगणकाने तो पुन्हा भरावा लागतो. हे काम ड्रायव्हर गुपचूप करतो. ड्रायव्हरच नसेल तर प्रिंटरच्या दृष्टीने दिवस उजाडतच नाही.

मग ड्रायव्हर बंद पडला की प्रिंटर भंगारात?

गरज नाही. मुळात ही पद्धत वाईट नव्हती. तिच्यामुळेच लेझर प्रिंटर सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. अडचण झाली ती पाकिटाची रचना जाहीर न केल्यामुळे. कंपनीने नव्या प्रणालीसाठी ड्रायव्हर काढला नाही की चांगलं यंत्र निकामी ठरतं.

अशा वेळी स्वयंसेवी प्रोग्रॅमरनी रस्ता काढला. डेस्कजेटच्या पीपीए भाषेसाठी पीबीएम-टू-पीपीए आणि पुढे पीएनएम-टू-पीपीए हे प्रोग्रॅम तयार झाले. झेडजेस्ट्रीमसाठी रिक रिचर्डसन यांनी फू-टू-झेडजेएस लिहिला. त्याची साखळी आपण वर पाहिली तशीच आहे. घोस्टस्क्रिप्ट पीडीएफचे ठिपके करतो, ते पीबीएम रूपात पुढे जातात, मार्कस कून यांच्या जेबिग-किटमधल्या सामग्रीने दाबले जातात आणि झेडजेस्ट्रीमच्या पाकिटात भरले जातात. सॅमसंगच्या एसपीएलसाठी स्प्लिक्स आहे.

हे प्रोग्रॅम उघड असल्यामुळे वेगळ्या प्रोसेसरवरही चालवता येतात. म्हणूनच जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर लिनक्स आणि कप्स बसवून असा प्रिंटर घरच्या वाय-फायवर आणता येतो. मग नव्या लॅपटॉपवरून आणि मोबाइलवरूनही छपाई होते. बंद ड्रायव्हर मात्र ज्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी बनवला, त्यावरच चालतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ॲपलचं एअरप्रिंट २०१० साली आलं, नंतर मोप्रिया आणि आयपीपी एव्हरीव्हेअर आले. यांतही मोबाइल किंवा संगणक अनेकदा तयार ठिपकेच पाठवतो. फरक इतकाच की पाकिटाची रचना सगळ्यांसाठी एकच आहे, त्यामुळे प्रत्येक मॉडेलला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मायक्रोसॉफ्टनेही सप्टेंबर २०२३ मध्ये कंपन्यांचे स्वतंत्र प्रिंटर ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे ठेवून याच दिशेने जाण्याचं जाहीर केलं.

छपाई बिघडली तर कारण काय?

- पूर्ण काळं पान: एक आणि शून्याची अदलाबदल झाली.
- चित्र तिरपं सरकलेलं: ओळीच्या रुंदीचा हिशोब चुकला.
- दिवा लुकलुकतो, पान येत नाही: फर्मवेअर भरलं गेलं नाही किंवा दुसऱ्याच भाषेतली माहिती पोहोचली.
- फोटोचं पान अर्धवट: माहिती मेमरीत मावली नाही. ३०० डीपीआयवर छापून पाहा, ठिपके चौपट कमी होतात.
- कडा कापल्या: या प्रिंटरना कागदाच्या चारही कडांशी सुमारे ४ मिलिमीटर जागा छापता येत नाही.
- फोटोवर लाटांसारखी नक्षी: आधीच छापलेला फोटो स्कॅन करून पुन्हा ठिपक्यांत बदलला. स्कॅन केल्यावर तो किंचित धूसर करून मग छापा.
- अक्षरांभोवती काळे कण: जेपीईजी फाइल जास्त दाबली गेल्यामुळे आलेले डाग सीमारेषेत काळे ठरले. सीमारेषा थोडी खाली आणा.

चांगल्या छपाईसाठी काय कराल?

- दाखला किंवा फोटो व्हॉट्सॲपवर मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. मग पिक्सेल कमी होत नाहीत.
- पासपोर्ट आकाराच्या ३५ बाय ४५ मिलिमीटर फोटोसाठी निदान ४१३ बाय ५३१ पिक्सेल असू द्या. हा ३०० डीपीआयचा हिशोब आहे.
- कागदपत्र स्कॅन करताना थेट काळं-पांढरं न निवडता ‘ग्रे’ निवडा. मग ते दुप्पट मोठं करून सीमारेषा लावा. अक्षरांच्या कडा गुळगुळीत येतात आणि अनुस्वार टिकतात.
- आकार आधी बदला, ठिपके नंतर करा. एकदा ठिपके केलेलं चित्र लहान-मोठं केलं की जाळी फाटते. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा.
- नवा प्रिंटर घेताना खोक्यावर पाहा. एअरप्रिंट, मोप्रिया, आयपीपी एव्हरीव्हेअर, पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट लिहिलं असेल तर संगणक बदलल्यावरही तो चालण्याची शक्यता जास्त. फक्त जीडीआय, होस्ट-बेस्ड, एसपीएल किंवा कॅप्ट लिहिलं असेल तर त्याचं आयुष्य ड्रायव्हरवर अवलंबून आहे, हे धरून किंमत ठरवा.
- घरचा जुना प्रिंटर टाकण्याआधी त्याचं मॉडेल ओपनप्रिंटिंगच्या यादीत शोधा. तिथे नाव सापडलं, तर नवा प्रिंटर घेण्याचा खर्च वाचू शकतो.